इसरूचे पाय आणि मस्कतचा व्हिसा

पोंभुर्ण्याकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीला लागून, इसरू शेंडेचं घर आहे. जातीने ढिवर, पण जाळ्यात त्याचा जीव कधी रमला नाही. त्याचा जीव स्लॅबमध्ये. बल्लारपुरात आणि चंद्रपुरात तेव्हा घरांवर घरं उठत होती. त्या घरांच्या छताखाली लाकडी बल्ल्या उभ्या करायच्या, वर लोखंडी प्लेटा ठोकायच्या आणि ओतलेला स्लॅब धरेपर्यंत खाली राखण करत थांबायचं, हे सेंट्रिंगचं काम त्याने पोरवयापासून केलं. घाम इसरूचा आणि नाव ठेकेदाराचं. स्लॅब चांगला पडला की घरमालक ठेकेदाराला नारळ द्यायचा, आणि इसरूला चहासुद्धा फुटक्या कपात.

त्याचं एकच म्हणणं होतं. स्वतःच्या प्लेटा, स्वतःच्या बल्ल्या असल्या की कुणाच्या दारात उभं राहावं लागणार नाही. दोन वर्षं आखातात काढली तर तेवढं साधेल, हे त्याने एकदा डोक्यात घेतलं ते घेतलंच. १९९७ साली ती संधी खरोखर दारात आली. बल्लारपुरात भूपेश नावाचा एक एजंट होता. त्याचं टेलिफोन बूथ होतं आणि त्याच बूथमधून तो माणसं परदेशी धाडत असे. मस्कतच्या एका कंपनीला सेंट्रिंगचे कारागीर पाहिजे होते. नागपुरात परीक्षा झाली, कंपनीच्या माणसासमोर इसरूने प्लेटा लावून दाखवल्या आणि त्याची निवड झाली. आता फक्त मुंबईला जाऊन मेडिकल करायचं राहिलं होतं. मेडिकलवाल्याने ‘फिट’ लिहिलं की पासपोर्टावर व्हिसाचा शिक्का बसणार होता.

दिवस धानाच्या रोवणीचे होते. गावात राहून रोवणीला हात न लावणारा माणूस आमच्याकडे एक तर पाटील असतो, नाही तर आळशी. इसरू दोन्ही नव्हता. मामाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, तो दिवसचे दिवस चिखलात उभा राहिला आणि व्हायचं तेच झालं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, कातडं पांढरं पडून सोलायला लागलं. त्याच्या आईला, मंगलीला, घोर लागला. मुंबईचे डॉक्टर नखापासून केसापर्यंत बघतात असं भूपेश सांगून गेला होता. सडकी बोटं बघून त्यांनी पोराला परत पाठवलं तर?

तिने केलं ते झाडीपट्टीतल्या कोणत्याही आईने केलं असतं. जंगलातून आणलेला बिबा काढला, दाभणाला टोचला, दिव्यावर धरला आणि पोराचे पाय मांडीवर घेऊन बोटाबोटात त्याचं तेल सोडलं. चिखल्यांवर बिब्यासारखं औषध नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि बिबा एखाद्याला कधी उततो, म्हणजे लावलेल्या जागेपलीकडे फोड उठतात, कातडं काळंनिळं पडतं, हेही सांगेल. इसरूला तो आजवर कधी उतला नव्हता. नेमका तेव्हाच उतला. गाडी मुंबईला पोचेपर्यंत त्याच्या पावलांवर आणि नडग्यांवर चट्टे उठले होते.

मेडिकलच्या जागी माणसांची रांग होती, सगळी चड्डीवर. टेबलापलीकडे डॉक्टर बसला होता. त्याने रांग बघितली ती बाजारातली बकरी बघतात तशी, आणि तेही मी खोटंच म्हणतो, कारण बकरी घेणारा निदान पाठीवर हात फिरवून बघतो. पेनाने इसरूच्या पायाकडे खूण करून त्याने हिंदीत विचारलं, हे काय. इसरूने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की बिबा लावला होता, तो उतला, आठ-पंधरा दिवसांत जाईल. डॉक्टरने मग विचारलं, गाव कुठलं. इसरूने चंद्रपूर सांगितलं. त्यावर डॉक्टर शेजारच्या माणसाला म्हणाला, “उधर तो ये बहुत है।” आणि काहीतरी लिहून त्याने पुढच्याला बोलावलं.

काय बहुत है, ते इसरूला भूपेशच्या बूथवर कळलं. महारोगाचा संशय, अनफिट. ना सुई टोचली, ना कापूस फिरवला, ना जागेवरून उठला. जिल्ह्याचं नाव ऐकलं आणि डॉक्टर रोग ठरवून मोकळा झाला. एवढी विद्या शिकायला कॉलेजात जायची गरज काय, ते मला अजून समजलेलं नाही. आणि समजा, असता इसरूला तो रोग, तरी काय? सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, माणूस खडखडीत बरा होतो. पण हे असं सांगायला कुणाला वेळ असतो?

भूपेशचं तोंड म्हणजे फुटका माठ. चार दिवसांत बातमी बाजारात पोचली. ठेकेदाराने कामावर इसरूचा पाण्याचा लोटा वेगळा ठेवला. हाच ठेकेदार सहा महिन्यांपूर्वी त्याच्या ताटातला झिंग्याचा रस्सा मिटक्या मारत खाऊन गेला होता.

पंधरवड्यात बिब्याचं कातडं गळून पडलं आणि खालून ताजं निघालं. इसरू चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याला बाकावर बसवलं, डोळे मिटायला लावले, पायावरून कापूस फिरवला, टाचणी टोचली, कोपराजवळच्या नसा दाबून बघितल्या. मग हसून म्हणाल्या की या पायांना काही झालेलं नाही, आणि तसं लिहूनही दिलं. ते घेऊन इसरू पुन्हा मुंबईला निघाला. मामा म्हणाला, जाऊन काय होणार. इसरू म्हणाला, निदान बघतील तरी.

तिथे दारावरच्या माणसाने त्याला अडवलं. एकदा अनफिट झालेल्याला आत सोडत नाहीत. इसरू दुपारपर्यंत बाहेर उभा राहिला आणि नवीन माणसांचा घोळका आत जाताना त्यांच्यातून शिरला. डॉक्टर तोच, खुर्ची तीच. त्याने सरकारी दवाखान्याची चिठ्ठी न वाचताच परत सरकवली. इसरू काही तंटेखोर माणूस नव्हता. ठेकेदाराने दहा वेळा फसवलं तरी अकराव्या वेळी कामावर जाणारा तो. पण त्या दिवशी त्याने चप्पल काढली आणि उजवा पाय उचलून डॉक्टरच्या टेबलाच्या काचेवर ठेवला.

“हात लगाके देखो साब,” तो म्हणाला. “एक बार.”

डॉक्टरने खुर्ची भिंतीपर्यंत मागे सरकवली. पाय टेबलावर तसाच राहिला. मग दोघांनी येऊन इसरूला दंडाला धरून बाहेर काढलं. त्याची चप्पल आतच राहिली, ती मागायला तो परत गेला नाही. अनवाणी स्टेशनवर आला.

आता ऐका खरी गोष्ट. तो गावात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी भूपेश मोटारसायकलवर घरी आला. मोठ्या मायेने खाटेवर बसला आणि सांगितलं की काम होऊ शकतं. मेडिकलमधला एक माणूस ओळखीचा आहे, त्याला काही दिलं की जुना कागद जातो आणि नवा येतो. राजुऱ्याच्या अमरच्या पोटरीवर तर जन्माचा पांढरा डाग आहे, तो असाच फिट झाला आणि पुढच्या आठवड्यात उडणार आहे. हे सांगताना त्याला लाज वाटली नाही. उलट एवढी सोपी गोष्ट या माणसाला आधीच कशी सुचली नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

मंगली दारात उभी राहून ऐकत होती. ती परसात गेली आणि बकरीचं दावं खुंट्याचं सोडून तिला घेऊन आली. बकरी, कानातलं, आणि कमी पडलं तर भावाकडून, असा तिचा हिशोब मनात होऊनही गेला होता. पोराचा व्हिसा तिच्या हाताने गेला, तो तिच्याच हाताने परत आणायचा, एवढंच तिला दिसत होतं.

इसरूने तिच्या हातातलं दावं घेतलं. मग तो भूपेशला म्हणाला, “भाऊ, माहा पाय चांगला आहे. चांगल्या पायासाठी पैसे देल्ले तं मी रोगी होतो अन् पैसे देऊन सुटलो, असं होईल. मी नाई देत.”

“मग व्हिसा दुसऱ्याले जाईन,” भूपेश म्हणाला.

“जाऊ दे.”

भूपेशने मोटारसायकलला किक मारली. जाताना पाळीवरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला की यांचं भलं करायला जावं तर हे असे. व्हिसा गेला. इसरूच्या जागी कोण गेलं, ते त्याने कधी विचारलं नाही. प्लेटा आजही ठेकेदाराच्याच आहेत.

मंगली मात्र उंबऱ्यावर बसली. माह्याच हातानं गेलं, मीच लावला तो बिबा, एवढंच ती घोकत राहिली. आईशी उभ्या जन्मात चढ्या आवाजात न बोललेला इसरू तेव्हा तिच्यावर ओरडला.

“तुह्या हातानं नाई गेलं, माय. तुनं तं माहा पाय मांडीवर घेतला होता. त्या डॉक्टरनं हात बी नाई लावला.”