मिनिमाइज

सुमती इंदोऱ्याची. बापानं छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पोटाला चिमटा घेऊन लेकीला टायपिंग शिकवलं. चौऱ्याहत्तरला ती एका जिनिंग फॅक्टरीत टायपिस्ट झाली. तिचं एक अक्षर चुकायचं नाही. डोंबल! अक्षर बरोबर असून करायचं काय, अर्थच चुकला.

झालं असं, की सरकी काढायच्या जिनावर कापूस टाकणाऱ्या कांताबाईचा उजवा हात पट्ट्यात गेला. तीन बोटं तुटली. मॅनेजर कृष्णकांत यांनी फॅक्टरीच्या डॉक्टरला इंग्रजीत पत्र टाइप करायला दिलं. त्यात होतं, बाईची इजा मिनिमाइज करावी. सुमतीनं डिक्शनरी पाहिली. पहिलाच अर्थ, ‘कमीत कमी करणे’. तिला वाटलं, देवमाणूस आहे, चांगला इलाज करा म्हणतो. दवाखान्यात जाऊन तिनं कांताबाईला तसं सांगितलंही.

वीस दिवसांनी डॉक्टरचा दाखला आला. किरकोळ जखम, जुन्याच कामावर घ्यावे. कांताबाईनं बसून सरकी निवडायचं काम मागितलं होतं, ते गेलं. थोटा हात घेऊन पुन्हा त्याच पट्ट्यापाशी उभं राहायचं.

‘‘काहून वं सुमती, तू तं साहेब चांगला म्हणत होतीस,’’ कांताबाई म्हणाली.

सुमतीनं पुन्हा डिक्शनरी उघडली. खाली दुसरा अर्थ होता, ‘मोठी गोष्ट क्षुल्लक करून सांगणे’. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मेल्यानं माझ्याच बोटांनी हिची बोटं पुसली! ती तडक साहेबांपुढे उभी राहिली. साहेब हसले. ‘‘पत्र तूच टाइप केलंस ना?’’

नोकरी जाणार हे तिला कळत होतं. तरी पत्राची कार्बन कॉपी आणि कांताबाई, दोघांना घेऊन तिनं सरकारी इन्स्पेक्टरचं ऑफिस गाठलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला.

‘‘यात वाईट काय आहे बाई? इजा कमी करा, असंच तर लिहिलंय.’’

म्हणजे यांनाही पहिलाच अर्थ सापडला! पण सुमती चुकली होती अडाणीपणानं, आणि हा माणूस इंग्रजीत एमए होता. तिनं कांताबाईच्या हातावरचा पदर बाजूला केला आणि तो हात त्या कागदावर ठेवला.

‘‘घ्या साहेब,’’ ती म्हणाली, ‘‘करून दाखवा कमी.’’