वॉटी अमॉस खरा धावला तो दिवस

वॉटी अमॉस मुद्दाम हरायला शिकला तो वयाच्या चोविसाव्या वर्षी, आणि त्याला ते शिकवलं गावच्या न्हाव्यानं.

टेव्हियट नदीकाठचं त्यांचं गाव ट्वीड या जाड लोकरी कापडाच्या गिरण्यांवर जगायचं आणि जुलैतल्या शर्यतींची वर्षभर वाट बघायचं. घोड्यांवर, कुत्र्यांवर, फुटबॉलवर पैसे लावणारे देशभर होते. इथले लोक धावणाऱ्या माणसांवर लावायचे. गवतावर एकशेवीस यार्डांची धाव, शेवटी लोकरीचा ताणलेला दोरा. धिम्या गड्याला काही यार्ड पुढून सोडायचं, वेगवान गड्याला मागून. कुणाला किती सूट द्यायची हे पंच त्याच्या आधीच्या शर्यती बघून ठरवायचे. त्यामुळे ज्याला एक दिवस मोठी शर्यत मारायची आहे त्यानं आधी दोन-चार वर्षं हरत राहायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडानं मात्र कुणी बोलत नसे.

वॉटी गिरणीत मागावर होता. त्याचा बाप लढाईत गेला तेव्हा तो आठ वर्षांचा. तेव्हापासून गावचा न्हावी निनियन लेडलॉ त्याचे केस फुकट कापायचा. डोकं पुढं वाकवून मानेवर फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "झालं रे लेका, आता आईला तोंड दाखव." निनियनला मूलबाळ नव्हतं. तरुणपणी तो स्वतः धावायचा, आता धावणारे तयार करायचा.

एकदा मेंढ्यांच्या बाजारातून एक एडका सुटला आणि हाय स्ट्रीटवरून पुलाकडे उधळला. वॉटीनं चर्चपासून धाव घेतली आणि पुलाच्या अलीकडे त्याला शिंगांनी धरलं. दुकानाच्या दारात निनियन हातात वस्तरा घेऊन उभा होता. आत खुर्चीवर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बोंबलत होतं.

संध्याकाळी निनियन वॉटीच्या घरी आला. "हे पाय आजवर कुणाला दाखवलेस?"

"कुणाला दाखवणार? मागावर बसायला पाय कशाला लागतात?"

"मग अजून तीन वर्षं कुणाला दाखवू नकोस. मी सांगतो तसं करायचं. बायकोलासुद्धा बोलायचं नाही."

बायको म्हणजे एफी. लग्नाला सहाच महिने झाले होते. वॉटीला तिच्यापासून काही लपवायचं जिवावर आलं, पण निनियनचा शब्द त्याच्या लेखी बापाच्या शब्दासारखा होता.

रोज पहाटे, गिरणीचा भोंगा व्हायच्या आत, जुन्या वीटभट्टीमागच्या कुरणात सराव व्हायचा. निनियन घड्याळ धरायचा. मग स्वतः बनवलेलं तेल त्याच्या पोटऱ्यांना चोळायचा. त्यात कापूर होता, टर्पेंटाइन होतं आणि आणखी काहीतरी होतं, लवंगेसारखं, ते तो कुणाला सांगत नसे. आणि जुलै आला की वॉटीच्या बुटांत शिशाच्या पट्ट्या घालायचा.

पहिल्या वर्षी वॉटी पहिल्याच फेरीत शेवटून दुसरा आला. दुसऱ्या वर्षी शेवटचा. गिरणीत शेजारच्या मागावरचा डॉड रेनविक मोठ्यानं ओरडायचा, "वॉटी, परवा तुझ्या पुढं कोण पळालं रे? पाळण्यातलं पोर का?" सगळी शेड हसायची. वॉटी धागा जोडत राहायचा. एफी बेकरीत कामाला होती. तिथं कुणी नवऱ्याची टर उडवली की ती तडकायची. "तो निदान धावतो तरी! तुमचे नवरे पबच्या दारापर्यंत चालताना दमतात." एका बाईशी तर तिनं त्यावरून बोलणंच टाकलं. घरी येऊन ती हे सगळं सांगायची, आणि वॉटी खाली मान घालून मटणाचा रस्सा ओरपायचा.

तिसऱ्या वर्षी पंचांनी त्याला नऊ यार्डांची सूट दिली. निनियननं ते वाचलं आणि वॉटीच्या खांद्यावर हात ठेवला. "आता पोस्टातले पैसे काढ. मी लावतो. तू लावायला गेलास तर बुकी सावध होतील."

वॉटीनं सगळे पैसे आणून दिले.

शर्यतीच्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. बुकी खोक्यांवर उभे राहून पाट्यांवर खडूनं भाव लिहीत होते. सकाळी वॉटीचा भाव वीसास एक होता, म्हणजे तो जिंकला तर एका पौंडाला वीस. बुटांत शिसं नव्हतं. पहिल्या फेरीत तो दोऱ्याला लागला तेव्हा मागचा गडी चार यार्डांवर होता. मैदानात एकदम कल्ला उठला. लोकांना दोन वर्षांचा अर्थ लागला होता. डॉड रेनविक गर्दीतून वाट काढत आला. रागानं नव्हे, आनंदानं लाल झाला होता. "अरे लबाडा! अरे पक्क्या लबाडा!" म्हणत त्यानं पाठीत धपाटा घातला आणि बुकीकडे पळाला. बेकरीतल्या बाया, गिरणीतले फोरमन, खुद्द चर्चची घंटा वाजवणारा, सगळे वॉटीवर पैसे लावायला धावले. दुपारपर्यंत त्याचा भाव दोनास एकवर आला. अंतिम फेरीतल्या बाकीच्यांना कुणी विचारेना. त्यांत न्यूकॅसलकडचा एक सडसडीत गडी होता, यादीत नाव नुसतं एस. ग्रे. त्याचा भाव चढत चढत सोळास एकपर्यंत गेला.

अंतिम फेरीला सहा जण रेषांवर आले. वॉटी नऊ यार्डांवर, ग्रे त्याच्या शेजारच्या पट्ट्यात दीड यार्ड मागं. वॉटी पाय रोवायला खाली वाकला आणि वाऱ्याची झुळूक आली. कापूर, टर्पेंटाइन आणि लवंगेसारखं काहीतरी.

आधी त्याला वाटलं, वास आपल्याच पायांचा. पण निनियन म्हणाला होता, "आज तेल नको, कातडी कोरडी राहू दे." त्यानं मान वळवली. ग्रेच्या पोटऱ्या चकाकत होत्या. पाय रोवायला त्यानं गवतात खळगे केले होते, डावा उथळ, उजवा खोल आणि आत वळलेला. तसे खळगे करायला या खोऱ्यात एकच माणूस शिकवायचा.

"तयार!" पंच ओरडला.

वॉटीनं गर्दीत निनियनला शोधलं. निनियन त्याच्याकडे बघत नव्हता.

पिस्तूल वाजलं. वॉटी धावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःला इतकं मोकळं सोडलं होतं. शंभर यार्डांपर्यंत पुढं कुणी नव्हतं. मग डाव्या बाजूनं श्वास ऐकू आला, मग खांदा दिसला, आणि लोकरीचा दोरा ग्रेच्या छातीवर तुटला. वॉटी वीतभर मागं राहिला.

दोन वर्षं तो हरला तेव्हा लोक हसले होते. या वेळी कुणी हसलं नाही. ज्याच्या-त्याच्या हातात बुकीची चिठ्ठी होती. डॉड रेनविक दोरखंडापाशी उभा होता. "आम्हालाही विकलंस?" एवढंच म्हणाला. वॉटी म्हणाला, "मी खरा धावलो, डॉड." डॉड जमिनीवर थुंकला. दोन वर्षं जो खोटा धावला, तो आज खरा धावला हे कोण मानणार?

सोमवारी वॉटी दुकानात गेला. निनियन एका म्हाताऱ्याची दाढी करत होता.

"तो तुमचा गडी होता."

निनियननं वस्तरा पुसला. "हो. वर्षभर. तू गिरणीत गेलास की तो कुरणात यायचा."

"मग मी कशाला होतो?"

"लोकांनी बघायला." निनियन हे हळू बोलला, जणू भाव सांगत होता. "तू वेगवान आहेस, लेका. तो आणखी दोन यार्डांनी जास्त आहे. तू नसतास तर सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर गेलं असतं. मग माझे पैसे सोळास एकनं त्याच्यावर कोण लावून घेणार?"

"आणि माझे पैसे?"

"तुझ्यावरच लावले. शब्द दिला होता तुला."

दाढीचा साबण लावलेला म्हातारा आरशासमोर डोळे मिटून बसला होता. वॉटीला वाटलं, या निनियनला धरून आपटावं. पण हात उठेना. अठरा वर्षं मानेवरच्या फुंकरीनं तो माणूस त्याच्यात इतका मुरला होता. वॉटी म्हणाला, "माझ्या बापाला ओळखत होतात तुम्ही."

"तोही धावायचा, आणि तोही वीतभर कमीच पडायचा," निनियन म्हणाला.

घरी एफीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे मी त्या बाईशी भांडले तेव्हा तुला ठाऊक होतं? तू इथंच बसला होतास, रस्सा पीत?"

"निनियन म्हणाले होते, बायकोलासुद्धा—"

"तू खरा धावलास यावर माझा विश्वास आहे," एफी म्हणाली. "गावात एकटीचा असेल. पण निनियननं तुला फसवलं वर्षभर. तू मला तीन वर्षं." त्या आठवड्यात ती बहिणीकडे राहिली. परत आली, संसार केला, दोन मुली झाल्या. पण बेकरीतून आल्यावर दिवसभराचं सांगायची तिची सवय मोडली, ती पुन्हा लागली नाही.

पुढच्या जुलैत वॉटीनं पुन्हा नाव दिलं. पंचांनी आता त्याला सूटच ठेवली नाही, सगळ्यांच्या मागून सोडलं. तेरा वर्षं तो असाच मागून धावला, जीव तोडून, कुणा गुरूशिवाय. अंतिम फेरीत दोनदा पोचला, जिंकला कधीच नाही. त्याच्यावर कुणी पैसे लावत नसे. केस कापायला तो बसनं पुढच्या गावी जायचा. निनियन गेला तेव्हा त्याच्या प्रेतयात्रेला अर्धं गाव होतं. वॉटी त्या दिवशी मागावर होता.

गिरणी बंद झाली त्या वर्षी निरोपाच्या चहाला डॉड त्याच्या शेजारी बसला. दोघांचेही केस पांढरे झाले होते. इतक्या वर्षांत ते पुन्हा बोलू लागले होते, हवेबद्दल, रग्बीबद्दल, गुडघ्यांबद्दल.

"आता तरी सांग," डॉड म्हणाला. "गेलेल्याला काय भ्यायचं? त्या दिवशी तुला किती दिले त्यानं?"

"काही नाही. मी खरा धावलो."

डॉडनं हसून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "राहू दे. नको सांगूस," म्हणाला, आणि केकचा तुकडा घ्यायला उठला.