लालासाहेब सरांचा खुलासा

पलूसजवळच्या आमच्या डी.एड. कॉलेजात लालासाहेब सर तीस वर्षं मास्तर घडवत होते. त्यांची सगळी शिकवण एवढीच होती: पोर अडखळलं की आपलं तोंड मिटायचं. सराव पाठाला सर वर्गात मागं, पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसायचे. शिकाऊ मास्तरानं मुलाच्या तोंडचं उत्तर हिसकावलं की पाठाच्या वहीत लाल शाईनं लिहायचे, 'घाई कुणाला होती?' मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो आणि पुढं इथंच नोकरीला लागलो. माझ्या वहीत हा शेरा तीनदा आहे.

गेल्या वर्षी कॉलेजात एआय आलं. मोबाईल स्टँडला लावायचा, पाठ रेकॉर्ड व्हायचा आणि चहा होईपर्यंत गुण हजर. हे बसवायचं काम माझ्याकडं होतं आणि मला त्याची भारी हौस होती, हेही सांगून टाकतो. प्राचार्य म्हणाले, यंत्र आणि माणूस मिळून काम करतील. दोघांनीही शंभरातले गुण द्यायचे आणि सरासरी धरायची. फक्त दोघांत पंधरापेक्षा जास्त फरक पडला तर खुलासा द्यायचा. तो अर्थातच सरांनी. यंत्राला कोण विचारणार?

राणी आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, दहावीच्या पुढं गेलेली घरातली पहिलीच. तिसरीच्या वर्गावर तिचा पाठ होता. तायाक्का नावाची मुलगी वाचता वाचता 'ज्वारी'वर अडली. पोरं खुसखुसली. राणीनं हातानंच त्यांना गप्प केलं आणि तायाक्काकडं बघत नुसती उभी राहिली. बराच वेळ गेला. मग तायाक्का म्हणाली, "ज्वा... री. म्हंजी शाळू?"

"व्हय. आपला शाळूच."

ती पोरगी अशी काही हसली की सरांनी चष्मा काढून पुसला.

सरांनी पंच्याऐंशी दिले, यंत्रानं एक्केचाळीस. यंत्राचा शेरा होता: दोन मिनिटं दहा सेकंद अध्यापन बंद, भाषा अप्रमाण.

सरांनी दोन पानी खुलासा लिहिला. तो मीच टाईप केला. शिकवण्याबद्दल इतकं खरं मी दुसरीकडं कुठं वाचलेलं नाही. आठ दिवसांनी संस्थेचं उत्तर आलं: खुलासा व्यक्तिनिष्ठ वाटतो, यंत्राचेच गुण धरावेत, फेरपाठ घ्यावा. फेरपाठात पन्नासच्या खाली गेली तर राणीचं वर्ष जाणार होतं, आणि आणखी एक वर्ष तिकडं ठेवणार नाही, असं तिच्या वडिलांनी फोनवर बजावलं होतं.

फेरपाठाच्या सकाळी सरांनी राणीला व्हरांड्यात बोलावलं. मी स्टँड घेऊन शेजारीच उभा होतो.

"पोरी, आज थांबू नगंस," ते म्हणाले. "पोर अडलं की तूच सांग आणि फुडं चल."

राणीला वाटलं, सर आपली परीक्षा बघतायत. "सर, पण तुमीच तर..."

"सांगतोय तेवढं कर."

तिनं केलं. तायाक्का त्या दिवशी 'पृथ्वी'वर अडली. तिचे ओठ हलायच्या आत राणी म्हणाली, "पृथ्वी. छान, बस खाली." असं चार मुलांचं झालं. पाठ वेळेआधीच संपला. यंत्रानं ब्याऐंशी दिले. सरांनी माझ्या खांद्यावरून तो आकडा बघितला आणि आपलेही ब्याऐंशी लिहिले. खुलाशाचा प्रश्नच उरला नाही. मला सरांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि तरी मी मोबाईल जपून पिशवीत ठेवला.

राणी पास झाली. सरांच्या पाया पडली आणि तिनं अगदी मनापासून विचारलं, "सर, आता नोकरी लागल्यावरबी असंच शिकवायचं न्हवं?"

सरांनी तोंड उघडलं. शब्द येईना. ते काहीतरी म्हणणार होते, हे मला शेजारून दिसत होतं.

"व्हय, असंच," राणीनंच त्यांचं उत्तर सांगून टाकलं आणि आटपाडीची एस.टी. गाठायला निघाली.