खिडकी पुढच्या वर्षी

किल्लीवालीच्या डाव्या हाताची तीन बोटं वाकडी होती. पहिल्या भेटीत माझी नजर तिथेच अडकली, तेव्हा तिने तो हात उचलून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "नीट बघून घ्या मॅडम, मग कामाचं बोलू."

मी आमच्या भागातल्या एका निधीत काम करते. ऐपत असलेली माणसं या निधीत पैसे देतात आणि आम्ही ते इथल्याच छोट्या संस्थांना वाटतो. उद्देश समता. आमच्या कागदांवर, भिंतीवर, चहाच्या कपांवरसुद्धा समता छापलेली आहे. संस्थेने अर्ज करायचा, मी जागेवर जाऊन पाहणी करायची. मग सहा जणांची समिती बिस्किटं खात ठरवते, कोणाला किती समता द्यायची ते. त्या सहांपैकी एकालाही आयुष्यात कुणी कानाखाली वाजवलेली नाही. मी हे असं बोलते म्हणून मला बढती मिळत नाही. न मिळो.

अर्जात एक रकाना असतो, 'आपल्या मते समता म्हणजे काय?' किल्लीवालीने तिथे दोनच शब्द लिहिले होते: 'आतून कडी.' मला वाटलं बाई अर्धवट सोडून उठली. फोन करून सांगितलं, अहो, तीनशे शब्द लागतात. ती म्हणाली, "मारणाऱ्याच्या घरात कडी बाहेरून असते. आम्ही ती आतून बसवून देतो. उरलेले शब्द तुम्ही घाला, तुम्हाला पगार आहे."

मी घातले.

तिचा बाप कुलपं दुरुस्त करायचा. दोन पावलं रुंद दुकान, भिंतीभर किल्ल्या. चालायला लागायच्या आधी तिच्या हातात कानस होती असं ती सांगायची. त्यातलं निम्मं खरं धरलं तरी पुष्कळ झालं. लग्न झालं एका ट्रकवाल्याशी. तो कामाला जाताना तिला बाहेरून कुलूप लावून जायचा. "कुलूपवाल्याची पोर कुलपात," हे ती हसत सांगायची. एकदा शेजाऱ्याने दारातून 'बरं आहे ना' असं विचारलं आणि तिने 'हो' म्हटलं. तेवढ्यावर नवऱ्याने तिचा डावा हात चौकटीत धरून दार आपटलं. एकदा नाही, बोटं बोटांसारखी दिसेनाशी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा कुलूप लावून गेला. तिने गादीत लपवलेला बापाचा पेचकस काढला आणि उजव्या हाताने आतल्या बाजूच्या बिजागऱ्या खोलल्या. कुलूप तसंच राहिलं आणि दार निघालं. कोपऱ्यावर नवरा समोरून आला. त्याने तिला केस धरून रस्त्यावर पाडलं, पोटात लाथा घातल्या, आणि भरल्या रस्त्यात लोक मूग गिळून उभे राहिले. तेव्हा तिने तो पेचकस त्याच्या मांडीत घातला, मुठीपर्यंत. तो ओरडत बसला आणि ती चालत बापाच्या दुकानात गेली. त्याबद्दल तिला एकच हळहळ होती. पेचकस चांगला होता, परत घ्यायला हवा होता.

पुढे दुकान तिच्याकडे आलं. ती, एक निवृत्त नर्स आणि एक रिक्षावाली, अशी तिघींची संस्था. नवऱ्याला सोडून आलेल्या बायकांना नर्स खोली शोधून द्यायची, रिक्षावाली सामानासकट पोचवायची आणि किल्लीवाली दार बसवायची. दार बसलं की काम संपलं असं मात्र नव्हतं. तिची एक रीत होती, तिला ती परीक्षा म्हणायची. स्वतः आत जाऊन कडी लावायची आणि जिचं दार तिला बाहेर उभं करून हातात घण द्यायची. "पाड."

बायका आधी पाहुण्यासारखं टकटक करायच्या. मग आतून किल्लीवाली त्या बाईच्या नवऱ्याची वाक्यं म्हणायची. तो काय ओरडायचा हे तिने आधीच विचारून ठेवलेलं असायचं. दोन वाक्यांत बाहेरचा घण वर जायचा. आपण मारतोय ते दार आपलंच आहे, हे त्या बाईला ठाऊक असायचं आणि तरी ती मारायची. दार टिकलं की किल्लीवाली आतून म्हणायची, "पास." आणि घण त्याच घरात ठेवून यायची.

मी पाहणीला गेले तेव्हा परीक्षा होती एका इस्त्रीवालीची, नमुन्याचं पहिलं दार तिथे उधारीवर बसवलं होतं. बर्फाच्या कारखान्यामागे तळमजल्यावरची एक खोली, तिथेच ती लोकांचे कपडे इस्त्री करायची. काटकुळी बाई, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आतून किल्लीवाली गरजली, "उघड! पोर माझी आहे, तू कोण?" आणि त्या बाईने असा घाव घातला की चौकटीवरचा चुना माझ्या डोक्यात पडला. ती मारत राहिली. तळहात फुटले, दांड्याला रक्त लागलं, तोंडातून जनावरासारखा आवाज निघत होता. शेजारी पायरीवर तिची सहा वर्षांची चिमी कानावर हात ठेवून बसली होती. दार जागचं हललं नाही.

नवरा तिला पोरीसाठी शोधत होता. सापडलीस तर पोर घेऊन जाईन आणि तुला पुरून टाकीन, असं त्याने सांगून ठेवलं होतं. पहिलं त्याने आधीच एकदा केलं होतं. चार दिवसांनी पोर परत मिळाली तेव्हा तिच्या पाठीवर बुटाच्या टाचेचा वळ होता. आमच्या समितीला यात काही कमी वाटू नये म्हणून मी हे सगळं अहवालात लिहिलं.

अर्ज दोन गोष्टींचा होता, दणकट दार आणि खिडकीला गज. असल्या वीस खोल्यांसाठी. रक्कम पाहून समितीत भुवया वर गेल्या. मी समितीला ओळखून आहे. म्हणून मीच तोडगा काढला. दार या वर्षी, खिडकी पुढच्या वर्षी. सगळ्यांना हायसं वाटलं, अध्यक्षांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मी, खोटं कशाला बोलू, स्वतःवर खूश झाले.

किल्लीवालीला सांगितलं तर म्हणाली, "तो दारानेच येईल असं त्याने तुमच्या समितीला लिहून दिलंय का?"

मी म्हटलं, ताई, काहीच न मिळण्यापेक्षा बरं ना. तिने पुढची किल्ली घासायला घेतली. मी तो होकार धरला.

दरवर्षी आमची एक पुस्तिका निघते, कोणाला काय दिलं ते फोटोंसकट. फोटो मीच काढते. नियम कडक आहेत. चेहरा नको, नाव नको, घराचा नंबर नको. मी सगळे पाळले. नुसतं दार घेतलं, नवंकोरं, घणाच्या खुणा असलेलं. चिमी माझ्या मागे-पुढे करत होती, मला 'फोटोवाली मावशी' म्हणायला लागली होती. रिकामी पायरी बरी दिसत नाही म्हणून तिने आपले बूट आणून तिथे नीट जोडीने मांडले. मला ते फार गोड वाटलं. फोटोखाली मी ओळ लिहिली: 'बर्फाच्या कारखान्यामागे एक निर्धास्त घर.'

पुस्तिका छापून आल्या तशी एक किल्लीवालीला द्यायला मी दुकानात गेले. सकाळचे अकरा वाजले असतील. ती किल्ली घासत होती. तिने पान उघडलं, पाहिलं आणि कानस खाली ठेवली.

"हे कुठे कुठे गेलं?"

"दवाखाने, वाचनालयं, कारखाने... चार दिवस झाले. का हो?"

"हा बूट बघ." ती मला पहिल्यांदाच अगंतुगं करत होती. डाव्या बुटाची फाटलेली बाजू लाल दोऱ्याने शिवलेली होती, फुलीफुलीची शिवण. "तिचा नवरा बुटांच्या कारखान्यात शिवणीवर आहे. हा त्याने शिवलाय. आणि पत्ता तू लिहिलायस."

मी पुस्तिका तिच्या हातातून ओढून घेतली. तिने पिशवीत हातोडा, खिळे, दोन पट्ट्या टाकल्या आणि मला दंडाला धरून माझ्याच गाडीत ढकललं. वाटेत इस्त्रीवालीला फोन केला, कडी लाव, खिडकीपासून लांब हो. मग पोलिसांना. तिथल्या माणसाने तिला नाव, वय आणि तक्रारीचं स्वरूप विचारलं. तिने त्याला जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही.

आम्ही त्याच्या आधी पोचलो. आत शिरलो, कडी लावली. किल्लीवालीने इस्त्रीचं टेबल उलटं करून त्याची फळी खिडकीवर उभी केली आणि एका बाजूने खिळे ठोकायला घेतले. चिमी कपड्यांच्या गाठोड्यामागे होती. दुसऱ्या बाजूचा पहिला खिळा हातात घेतला आणि दारावर लाथ बसली.

"उघड! पोर माझी आहे, तू कोण?"

शब्द न् शब्द तोच. इस्त्रीवाली चिमीच्या पुढे येऊन उभी राहिली. त्याच्याकडे पहार होती. तो दारावर तुटून पडला. प्रत्येक घावाला भिंतीवरची भांडी वाजत होती. तो पोरीला हाका मारत होता, मध्येच लाडाने, मध्येच शिव्या देत. दार जागचं हललं नाही. मग तो थांबला. बाहेर पावलं वाजली, डावीकडे, घराच्या कडेने.

काच फुटली. फळीची मोकळी बाजू आत आली. किल्लीवालीने उजवा हात फळीवर टेकला, खांदा लावला आणि मला ओरडली, "खिळा मार!" माझ्या हातात हातोडा नव्हता. माझ्या हातात पुस्तिका होती. मी ती गाडीतून तशीच घेऊन आले होते, आणि भिंतीला पाठ लावून ती छातीशी धरून उभी होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे सांगते.

फटीतून त्याने तिचा हात पाहिला आणि पहारेने ठेचायला लागला. एक. दोन. हाडं मोडल्याचा आवाज कसा असतो ते मला आता माहीत आहे. तिने हात काढला नाही. तिसऱ्या घावाला ती ओरडली, पण हात तिथेच होता. मग त्याने पहार टाकली आणि कोपरापर्यंत हात आत घातला, फळी ओढायला.

जमिनीवर उतरवून ठेवलेली इस्त्री तापलेलीच होती. इस्त्रीवालीने ती उचलली, त्याच्या मनगटावर ठेवली आणि कॉलरवर टेकतात तसा दोन्ही हातांनी भार दिला. कातडं जळल्याचा वास खोलीभर पसरला. तो किंचाळला, हात ओढायला लागला, पण काचेत अडकला. तिने भार सोडला नाही. "मी कोण?" ती विचारत होती. "सांग ना. मी कोण?" शेवटी किल्लीवालीनेच डाव्या हाताने तिला मागे ओढलं. पोलीस आले तेव्हा तो बाहेर मातीत बसून पाणी मागत होता.

दवाखान्यात किल्लीवालीची उजव्या हाताची दोन बोटं काढली. उरलेली मिटत नाहीत. कानस धरता येणार नाही, पेचकस तर नाहीच. मी कॉटशी उभी राहून रडायला लागले तर ती म्हणाली, "आता डावा-उजवा एका पंक्तीला आले. लिही तुझ्या कागदात, समता."

समितीची तातडीची बैठक झाली. वीसच्या वीस खिडक्या चार मिनिटांत मंजूर. पुस्तिका मागे घ्यायचं ठरलं. मग एक जण म्हणाले, गज बसल्यावर फोटो मात्र हवा हं. मी समोरचा कप उचलून भिंतीवर फोडला. मला काढून टाकतील असं वाटलं होतं. त्यांनी आठ दिवसांची रजा दिली.

रजेच्या सहाव्या दिवशी रिक्षावाली दारात आली. "चला. डोळे बांधायचेत, ताईंचा हुकूम आहे." तिने खरोखर माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि अर्धा तास शहरभर गरगर फिरवलं. उतरवून ओढणी सोडली तर समोर अनोळखी गल्ली, इस्त्रीवालीची नवी खोली, नवं दार आणि गज लावलेली खिडकी. दोन्ही तिनेच बसवलेली, किल्लीवालीच्या शिव्या खात. ती आता तिच्या हाताखाली शिकत होती. दाराशी घण टेकवून ठेवला होता.

"पाड," आतून किल्लीवालीचा आवाज आला.

मी टकटक केलं, पाहुण्यासारखं.

आतून ती मोठ्याने म्हणाली, "दार या वर्षी, खिडकी पुढच्या वर्षी!"

मी घण उचलला. ती तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत राहिली आणि मी मारत राहिले. दारावर, गजांवर, पुन्हा दारावर. हाताची सालं निघाली, खांदा भरून आला, मी काय काय ओरडले ते मला आठवत नाही. गज हलला नाही. दार हललं नाही. मी पायरीवर गुडघ्यांवर बसले. तिथे बूट नव्हते.

मग मी दाराला तोंड लावून म्हटलं, "चिमी, उघड ना गं. मी आहे. फोटोवाली मावशी."

आत छोटी पावलं वाजली. मग अगदी कडीच्या जवळून पोरीचा आवाज आला.

"नाही."

"पास," किल्लीवाली म्हणाली. रिक्षावालीने माझ्या हातातून घण काढून घेतला आणि ओढणी पुन्हा माझ्या डोळ्यांवर बांधली.