आईच्या हातची गुळातली गोळी

मैत्रिणींनो, आज लाखांदूरला मावशीकडे जाऊन आले आणि आल्याआल्या तुम्हाला लिहायला बसले.

माझ्या सात वर्षांच्या नातीला एडीएचडी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सुनेला ठणकावलं, "औषधबिवषध काही नको. घरगुती, नैसर्गिक करू."

कारण लहानपणी मीही तशीच होते, क्षणभर एका जागी न बसणारी. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आई सकाळी गुळात एक गोळी द्यायची, आणि मी दिवसभर बांधावर शांत पडून असायची.

आई आता नाही. म्हणून ती गोळी कशाची, हे मावशीला विचारायला गेले.

मावशी म्हणाली, "अवो बाई, अफू होती थे! तू तलावाकडं पयत सुटे. तुही माय रोवणा लावे का तुले पाहे?"

मी गुंगीत असायची! आणि जन्मभर त्याला आईच्या हाताचा गुण म्हणत आले.

आईवर राग येत नाही. तलाव खोल होता. पण मी? मी तीच गोळी नातीसाठी आणायला गेले होते.

आता सुनेचा फोन वाजून राहिला आहे. नैसर्गिक, नैसर्गिक म्हणत महिनाभर भांडले तिच्याशी. अफू नैसर्गिकच की! काय सांगू तिला?