लाईट गेल्ती

आमच्या मामाचा हात इतका चपळ होता की उडती माशी धरून, ती नर की मादी हे बघून, मादी असली तर तो सोडून द्यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान ऐकलं तरी नक्कीच आहे, आणि सांगणारा बहुतेक मीच असेन.

मामा जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. भट्टीतून निघालेली लालबुंद सळई सापासारखी सरपटत यायची. मामानं ती चिमट्यात धरायची, वळवायची आणि पलीकडच्या खाचेत घालायची. तोवर दुसरी हजर. पापणी लवली की मांडीला डाग. कामगारांत ज्याला डाग नाही असा एकच माणूस होता, आमचा मामा. कारखान्यानं त्याचे फक्त कान नेले. त्या धडधडाटात आठ वर्षं काढल्यावर त्याच्याशी बोलायचं म्हणजे दवंडी पिटायची. आईनं "भाऊ, जेवायला ये" म्हटलं की गल्लीतली चार माणसं हात धुवून तयार व्हायची.

गुरुवारी त्याला सुट्टी. गुरुवारी तो गावातच, मस्तगड भागात, आमच्याकडे यायचा, भाकरी खायचा आणि हात पुसत म्हणायचा, "चल भाच्या, विमान उडवून येऊ."

मी तेव्हा बारावीला एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा नापास होण्याचा जोरात अभ्यास करत होतो. त्यामुळे वेळ बक्कळ होता.

आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीला लागून व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं. पत्र्याची खोली, दाराला काळा पडदा, चार मशिनी, एक पंखा आणि गल्ल्यावर शेठ. नाणं टाकलं की तीन विमानं मिळायची. आमच्यासारख्यांची तिन्ही विमानं चहा निवायच्या आत पडायची. मामाचं पडायचंच नाही. नाणं टाकलं तेव्हा शेठनं नुकतीच दाढी केलेली असायची, आणि विमान पडेपर्यंत ती पुन्हा करायला झालेली असायची. मागं गर्दी. कोणी म्हणायचं, "याच्या हातात मोटर हाये." कोणी म्हणायचं, "आरं, आता उतर की खाली, आमालाबी बसू दे विमानात."

मामाला जिंकायचं नव्हतं. त्याला शेवट बघायचा होता. गेममध्ये चाळीस स्टेजा होत्या असं म्हणायचे, चाळिसावीच्या पुढं काय आहे ते जालन्यात कोणीच बघितलेलं नव्हतं. एकदा मी विचारलं, "मामा, काय करायचंय शेवट बघून?"

तो म्हणाला, "सळईला शेवट नसतो लेका. एक गेली की दुसरी. उद्या मी मेलो तरी ती येतच राहील. कुठं तरी, काही तरी, एकदा संपताना बघायचंय मला."

शेठचं दुखणं वेगळं होतं. एकाच माणसानं दिवसभर मशीन अडवली तर धंदा बसतो. त्यानं आधी तीन विमानांची दोन केली. मामाला पत्ता लागला नाही, त्याला एकच पुरायचं. मग औरंगाबादहून मेकॅनिक आणून मशिनीच्या पोटात काही तरी फिरवलं, दुश्मनाची विमानं दुप्पट जोरानं यायला लागली. बाकीची पोरं रडकुंडीला आली. मामा म्हणाला, "आज जरा मजा येऊन राह्यली."

त्यानंतर लाईट जायला लागली.

छत्तिसावी, अडतिसावी स्टेज आली की खट्. मशीन काळी, पंखा गोल गोल फिरत मरायचा. शेठ कपाळावर हात मारायचा. "आता लाईटीला मी काय करू? वरून जाती. माझंबी नुकसानच हाये न्हाई का." नाणं परत मिळायचं नाही. लोडशेडिंगचे दिवस होते, लाईट जाण्याला कोणी कारण विचारत नसे. मामा बिचारा उठायचा, मशिनीवर थाप मारायचा, "पुढच्या गुरुवारी," म्हणायचा.

एका गुरुवारी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत उभा होतो. पडद्याच्या फटीतून मामाची पाठ दिसत होती. शेठनं चप्पल काढली, पाय गल्ल्याखाली सरकवला आणि अंगठ्यानं, ताकातला केस काढावा इतक्या अलगद, एक खटका दाबला. दुकानात अंधार. माझ्या शेजारी गिरणी धडाडा चालूच. त्या आवाजानं पत्रे हलत होते. मामाला काहीच ऐकू आलं नाही.

मामा गेल्यावर मी आत गेलो. "शेठ, गिरणी तर चालू हाये."

"गिरणीची लाईन थ्री फेज. वेगळी ऱ्हाती."

"आन तुमचा अंगठा? तो कोणत्या फेजवर हाये?"

शेठनं चप्पल पायात घातली. मग हसला आणि चहा सांगितला. "बस. आजपासून तुझा गेम फुकट. अरे, खेळ काय शेवटाला जायला असतो का? परत यायला असतो. तुझा मामा एकदा शेवटाला गेला की परत येईल का माझ्याकडं? तूच सांग."

माझ्या पोटात तोवर कुठलीही गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकलेली नव्हती. मावशीच्या लग्नातलं भांडण मी वरात निघायच्या आत तीन गावांत पोहोचवलं होतं. ही गोष्ट मात्र टिकली. फुकटात मी इतकं खेळलो की झोपेतही माझा अंगठा हलायचा.

मामाचा एक जिवलग होता. दोघं हसनाबादचे, एकाच वर्गात एकाच वर्षी नापास झालेले. एक कारखान्यात लागला, दुसरा जालन्यातच वीज बोर्डात वायरमन. मी त्याला वायरमनमामा म्हणायचो. दोघांचा डबा एक, बिडी एक, आणि दिवाळीला कापडसुद्धा एकाच ठाणातलं. मामा त्याला म्हणाला, "गड्या, एक गुरुवार दे मला. फक्त एक. मस्तगडची लाईट जाऊ देऊ नको."

वायरमनमामानं छातीवर हात ठेवला. "या गुरुवारी बिलकुल जाणार न्हाई. जबान देतो."

त्या गुरुवारी मामा असा खेळला की मशिनीला घाम आला असता. एकोणचाळिसावी गेली. चाळिसावी लागली. मागं कोणी श्वास घेत नव्हतं. मी शेठच्या पायाकडं बघत होतो. चप्पल निघाली. मी "मामा" म्हणून ओरडू शकलो असतो, आणि माझा आवाज तर त्याला सवयीचा. मी ओरडलो नाही.

खट्.

मामानं मशिनीवर थाप मारली नाही. तो सरळ निघाला, मी मागं. वायरमनमामा स्टँडजवळच्या हाटेलात चहा पीत बसला होता.

"काय रे, जबान दिल्ती तू!" मामा दारातूनच ओरडला. त्याचा साधा आवाजच ओरडण्याइतका होता, हे तर ओरडणं होतं.

"दिल्ती. मंग?"

"मंग काय? चाळिसावीवर लाईट गेली!"

"गेलीच न्हाई." वायरमनमामा हसायला लागला. "सकाळपासून मस्तगडची लाईन चालू हाये. तुला कोणी तरी येड्यात काढून राह्यलं."

"येड्यात तू काढून राह्यला. माझ्या डोळ्यांसमोर गेली ती."

वायरमनमामाचं हसू थांबलं. तो माझ्याकडं वळला. "भाच्या, तू व्हता ना तिथं? खरं सांग. गेल्ती का लाईट?"

दोघंही माझ्या तोंडाकडं बघत होते. मामा तर ओठांकडं, त्याला तसंच समजायचं. माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं म्हणाल तर, संध्याकाळचे फुकटचे गेम होते. दुसरं काहीही नव्हतं.

"गेल्ती," मी म्हणालो.

मामाला ते ओठांवरूनही कळेना. त्यानं कानाला हात लावला. म्हणून ते मला पुन्हा, सगळ्या हाटेलाला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं.

वायरमनमामानं अर्धा चहा तसाच ठेवला. "बराबर," तो म्हणाला. "मंग गेली असंल." सायकल काढली आणि गेला.

पुढं ते दोघं बोलले नाहीत. मामाच्या पोरीच्या लग्नाला मामीनं पत्रिका दिली म्हणून तो आला, मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. मामानं त्याला बघितलं होतं. मामा त्या दिवशी पंगतीत वाढायला उठलाच नाही.

मामानं विमान सोडलं. शेठचं दुकानही फार टिकलं नाही. घरोघरी टीव्हीला लावायचे गेम आले. त्यांच्या कॅसेटवर लाखभर गेम छापलेले असायचे आणि आत सात निघायचे, तेच सात नाव बदलून बदलून. लोकांनी नवा शेठ धरला, इतकंच.

बऱ्याच वर्षांनी माझ्याकडं कॉम्प्युटर आला. ओळखीच्या एका पोरानं त्यात तो जुना विमानाचा गेम घालून दिला, हवी तितकी विमानं मिळतील अशी सोय करून. महिनाभर खपून मी चाळिसावी पार केली. पडदा काळा झाला. परक्या भाषेतली एक ओळ आली. आणि पहिली स्टेज सुरू झाली. तीच नदी, तोच पूल, तीच पहिली दोन विमानं.

मामा तोवर हसनाबादला जाऊन राहिला होता. शुगरनं त्याचे डोळे गेले होते. मी सगळं सांगायचं ठरवून गेलो, शेठच्या अंगठ्यापासून. बाजेवर त्याच्या कानाशी बसलो आणि म्हणालो, "मामा, मी शेवट बघितला."

त्याचा हात एकदम माझ्या मनगटावर आला. तोच हात, तितकाच चपळ. "काय हाये?"

मी तोंड उघडलं, आणि आयुष्यभर जे करत आलो तेच केलं. सांगितलं की विमान खाली उतरतं. सोन्याची धावपट्टी हाये. दोन्ही अंगाला माणसं, इतकी की जालन्याचा सोमवारचा बाजार त्यापुढं काहीच न्हाई. बँड वाजतो. मग सगळी दुश्मनाची विमानं येतात आणि पंखं खाली करून मुजरा करतात. आणि मग पडद्यावर उडवणाऱ्याचं नाव येतं.

"मराठीत?"

"मराठीत. गावासकट."

मामा पोट धरून हसला. "लेका, फेकून राह्यला तू." पण मनगट सोडलं नाही. "आन मंग? मंग पुन्हा सुरू व्हतं का?"

"न्हाई मामा. संपतं."

मामा बाजेवर सरसावून बसला. मग म्हणाला, "मधी लाईट न्हाई गेली?"

"न्हाई गेली."

"एकदाबी न्हाई?"

"एकदाबी न्हाई, मामा."

त्यानं मान हलवली.

"रिटायर झाला असंल मंग तो वायरमन," मामा म्हणाला.