प्रवासी उतरून जाणार कुठे

कोकणातल्या माणसांनी जगभर जाऊन पुष्कळ काही बांधलं; पण माझ्या मेहुण्यांइतके विमानतळ एकट्याने कुणी बांधले नसतील, आणि त्यांच्याइतका विमानाला घाबरणारा माणूसही त्या किनाऱ्यावर दुसरा निपजला नसेल. हे सगळे विमानतळ ब्राझीलमध्ये आहेत. मेहुणे ब्राझीलला कधी गेले नाहीत. ते ओमानमध्ये सीबला राहायचे, मस्कतच्या विमानतळापासून इतक्या जवळ, की दर थोड्या वेळाने त्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. त्या खऱ्या विमानांकडे त्यांनी मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही. उलट एखादं विमान फार खालून गेलं, तर ते उठून खिडकी लावायचे. त्या आवाजात त्यांना त्यांच्या संगणकातल्या विमानाचं इंजिन नीट ऐकू येत नसे.

माझी बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादाच म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि त्या शब्दात आदर जितका मावतो त्याहून थट्टा थोडी जास्त असते. एका बांधकाम कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. सीब ते खाबुरा या पट्ट्यातल्या किती व्हिला त्यांच्या हाताखालून गेल्या याची गणती नाही. लोकांची दिवाणखान्याची दारं कुठे उघडावीत, पाहुण्यांच्या नजरेला घरातली बाई पडू नये म्हणून जिना कुठून काढावा, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. फक्त स्वतःच्या घराचा नकाशा काढायला त्यांना सवड होत नव्हती. गुहागरजवळच्या त्यांच्या गावी जागा घेऊन झाली होती, विहीर खणून झाली होती, विहिरीला पाणीही लागलं होतं. वहिनींचं सगळं संसारी आयुष्य कंपनीने दिलेल्या फ्लॅटमध्ये गेलं. तिथल्या अर्बाबचा, म्हणजे घरमालकाचा, पहिला नियम असा की भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे वहिनींच्या घरातले देव, कॅलेंडर आणि लग्नातला फोटो वर्षानुवर्षं कपाटांना टेकून उभे होते. ज्या भिंतीत स्वतःच्या हाताने खिळा ठोकता येईल अशी एक भिंत, एवढंच त्यांचं मागणं होतं. दादा म्हणत, घर एकदाच बांधायचं असतं, घाई करून चालत नाही. वहिनी म्हणत, "आमच्या जागेत धावपट्टी नाही ना, म्हणून ती यांना दिसत नाही."

संगणकावर विमान चालवण्याचा एक खेळ असतो. त्यात विमान खोटं असलं तरी जग खरं असतं: खरे देश, खऱ्या नद्या, खऱ्या धावपट्ट्या. मस्कतच्या रुवी भागातल्या एका दुकानातून दादांनी त्याची तबकडी आणली ती कुतूहलापोटी. पहिल्याच दिवशी कुठलीतरी भलतीच कळ दाबली गेली आणि त्यांचं विमान ब्राझीलच्या पार आतल्या भागात जाऊन उतरलं. चहूकडे हिरवं रान, मध्ये करड्या रंगाची धावपट्टी, आणि बाकी काही नाही. खेळ बनवणाऱ्यांनी मोठ्या शहरांचे विमानतळ साग्रसंगीत केले होते. या आडगावांच्या वाट्याला नुसती पट्टी आली होती. दुसरा कुणी असता तर त्याने विमान वळवून न्यूयॉर्कला नेलं असतं. दादा त्या पट्टीवर विमान थांबवून बराच वेळ बसून राहिले. मग मला फोन करून म्हणाले, "जावईबापू, इथे एक शेडसुद्धा नाही हो. प्रवासी उतरून जाणार कुठे?"

खेळात प्रवासी नसतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. ज्याने हयातभर इमारती काढल्या, त्याला माणसांशिवायचं बांधकाम आणि बांधकामाशिवायची माणसं या दोन्ही गोष्टी सारख्याच अशक्य वाटतात. तेव्हापासून ऑफिसातून आले की दादा ब्राझील बांधायला बसू लागले. असे खोटे विमानतळ हौसेने बनवून एकमेकांना फुकट वाटणारी माणसं जगभर पसरलेली आहेत, हा शोध त्यांना इंटरनेटवर लागला. त्यातल्याच एका ब्राझिली मंडळींच्या गटाने आपल्या देशातल्या छोट्या विमानतळांचा एक संग्रह करायला घेतला होता. अट एकच: त्या त्या गावच्या कुणीतरी पाहून 'हुबेहूब आहे' असं म्हटलं पाहिजे. गावकऱ्यांनी पाठवलेल्या फोटोंवरून काम करायचं. इंटरनेट तेव्हा फोनच्याच तारेवरून यायचं; एक फोटो यायला आपल्याकडे मोदक वाफवून होतील एवढा वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद असायचा. माझ्या बायकोला भावाशी बोलायचं असलं, की आम्ही मस्कतच्या दुसऱ्या टोकाहून, वादी अदाईच्या आमच्या घरून गाडी काढून सीबला जात असू. ते लवकर व्हायचं.

कामात दादा चोख होते, पण हाताला ओमानचं वळण पडलेलं. त्यांच्या पहिल्या विमानतळाभोवती त्यांनी पुरुषभर उंचीची भिंत बांधली. इथे भिंतीवाचून इमारत कुणी पाहिलेली नसते. प्रत्येक खिडकीखाली एसीचा डबा लावला. आत शिरायला दोन दारं ठेवली, एक पुरुषांना आणि एक बायकांना. ब्राझीलहून फार नम्र भाषेत विचारणा आली, की हा विमानतळ आहे की तुरुंग. दादांनी भिंत पाडली, पण एक दार बुजवायला त्यांना आठवडा लागला. इमारतीमागे सेप्टिक टँकही त्यांनी घातला होता, जमिनीखाली, म्हणजे जिथे तो कुणालाही, कधीही, कुठल्याही विमानातून दिसणार नव्हता. मी कारण विचारलं. ते म्हणाले, विमानतळ म्हटला की संडास आला, आणि संडास आला की टाकी आली. यात कारण काय विचारायचं.

प्रत्येक विमानतळ पुरा झाला की त्याचं उद्घाटन व्हायचं. शुक्रवारी सुट्टी असायची, त्या दिवशी सकाळी संगणकाच्या टेबलापुढे वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली लाल फीत बांधली जाई. प्रमुख पाहुणा मी. दरवेळी मीच, कारण उठवता येईल असा दुसरा माणूस त्यांच्याकडे नव्हता. मी फीत कापायची, पहिलं विमान उतरवायचं आणि मग पोहे खायचे. उद्घाटनांची मला मुळात भीती वाटते. ज्या वास्तूच्या उद्घाटनाला जास्त भाषणं होतात ती लवकर गळते, असा माझा अनुभव आहे. दादांच्या विमानतळांचं भाषण मात्र एकाच वाक्याचं असे: "जावईबापू, टायर टेकताना नाक वर." मी नाक वर ठेवत नसे. माझ्या हातून ब्राझीलमध्ये झालेल्या अपघातांत किती माणसं दगावली असती, हा विचार दादांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसायचा.

एका उद्घाटनाला मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अवचित येऊन टपकले. त्यांना फीत दिसली, नकाशे दिसले, भिंतीला टेकवलेला ब्राझीलचा नकाशा दिसला. त्यांनी पोहे खाल्ले, काही विचारलं नाही आणि त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात 'ब्राझीलसारख्या प्रगत देशात विमानतळ उभारणारे आपले सुपुत्र' म्हणून दादांना शाल आणि श्रीफळ दिलं. अर्धा तास बोलले. मी शेजारी बसून दादांना कोपराने ढोसत होतो, की उठा आणि खुलासा करा. दादा शांतपणे म्हणाले, "यात खोटं काय आहे?" आणि त्यांनी शाल घेतली. दुसऱ्या दिवसापासून सीबच्या फ्लॅटवर माणसं येऊ लागली. एक शटरिंगचा सुतार खाबुऱ्याहून टॅक्सी करून आला, पासपोर्टच्या झेरॉक्सा घेऊन. ब्राझीलचा व्हिसा निघेपर्यंत थांबायची त्याची तयारी होती. दादांनी त्याला बसवून घेतलं, संगणक लावून ती धावपट्टी, ती इमारत, ते छप्पर दाखवलं. सुतार बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "काम चांगलं झालंय साहेब. पण हे तर खलास झालं. आता माझ्यासाठी काय उरलं?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गुहागरला एक काम आहे म्हणावं. अजून सुरूच झालेलं नाही."

ब्राझीलच का, हे मला फार उशिरा उमगलं. ओमानचे डोंगर सुंदर आहेत, पण ते भाजलेल्या पापडाच्या रंगाचे. दादांच्या पडद्यावर मात्र लाल माती होती आणि त्या मातीवर हिरवं रान. तिकडचे फोटो आले की ते विमानतळ बाजूला ठेवून आधी झाडं बघायचे. "हा काजू बघा. मूळचा तिथलाच, आपल्याकडे नंतर आला. हा फणस, तो आपल्याकडून गेलेला. ही माती बघा, आपल्या पायाला लागते तीच." हे सांगताना आवाज असा लागायचा, की ब्राझील हे चिपळूणच्या थोडं पुढे असावं.

दादांची साठी जवळ आली. या देशात साठी म्हणजे नोकरी संपली, आणि नोकरी संपली की व्हिसा संपला. वहिनींनी आता विचारणंही सोडून दिलं होतं. ते जास्त वाईट होतं. दादा त्या वेळी एका नदीकाठच्या गावाचा विमानतळ करत होते. तिथला एक शाळामास्तर त्यांना फोटो पाठवायचा. हा आपला शेवटचा आणि सगळ्यांत चांगला, असं त्यांनी जाहीर केलं होतं. उद्घाटनाला फीत बांधली गेली, मी ती कापली आणि विमान खाली आणायला लागलो. धावपट्टीच्या अलीकडे, काजूच्या झाडांत, मला एक घर दिसलं. कौलारू. पुढे ओटा, ओट्यावर झोपाळा, अंगणात तुळस, बाजूला विहीर. मी नाक वर ठेवायचं विसरलो आणि नेहमीप्रमाणे आपटलो.

वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "परत दाखवा." मी खुर्ची दादांना दिली. या वेळी दादांनीच विमान घराभोवती सावकाश फिरवलं.

"ही माझी विहीर आहे," वहिनी म्हणाल्या.

दादांनी विमान विहिरीवरून आणखी एकदा नेलं.

"आत जाता येतं का?"

"नाही," दादा म्हणाले. "नुसत्या बाहेरच्या भिंती आहेत. आतलं मला सुचलं नाही."

वहिनींनी बश्या टेबलावर ठेवल्या आणि त्या आत निघून गेल्या. रागावल्या की रडल्या, ते मला कळलं नाही. पोहे मात्र त्या दिवशी गारच खाल्ले.

थोड्याच दिवसांत शाळामास्तरांचं उत्तर आलं. सगळं हुबेहूब आहे, आमच्या गावच्या माणसालाही फरक कळणार नाही. फक्त ते घर काढावं. त्या जागी डबकं आहे आणि तिथे गुरं बसतात. असं घर इथे नाही. दादांना ओळखणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की ते घर त्याच संध्याकाळी उतरवतील. ज्या माणसाने न दिसणारा सेप्टिक टँक घातला, तो नसलेलं घर कसं सहन करणार? पण त्यांनी आज करतो, उद्या करतो सुरू केलं. शाळामास्तरांचं आठवणीचं पत्र आलं. मग संग्रहवाल्यांचं आलं. मी फोनवर म्हटलं, दादा, एक घर तर काढायचं आहे. ते म्हणाले, "तिथे नाही म्हणतात, जावईबापू. इथेही नाही, गुहागरलाही नाही. मग ते पाडून ठेवू कुठे?"

शेवटी ते वहिनींनी पाडलं. म्हणजे एका शुक्रवारी मी आणि बायको तिथे असताना त्या दादांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काढा ते. लोकांच्या गावात आपलं घर कशाला? त्यांची गुरं बसू दे." दादांनी मान हलवली, एक कळ दाबली आणि घर गेलं. वहिनींनी संगणक बंद केला, जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक उचललं, तिथे ट्रेसिंग पेपर पसरला आणि खुर्ची ओढून म्हणाल्या, "बसा. आतलं मी सांगते." आणि दादा बसले. चूल कुठे, देव कुठे, धान्य कुठे, वहिनी सांगत गेल्या. इतकी वर्षं कपाटांना टेकून ठेवलेलं सगळं त्यांच्या मनात जागच्या जागी लागलेलं होतं. दादांनी एकदाच हरकत घेतली, तीही टाकीच्या जागेवरून.

घर झालं. ते दोघं गावी गेले. विमानात दादांनी खिडकीपासून लांबची, मधल्या वाटेलगतची खुर्ची मागून घेतली आणि मुंबई येईपर्यंत डोळे मिटून ठेवले. वास्तुशांतीला आम्ही गेलो, तेव्हा वहिनी आम्हाला भिंत भिंत फिरवून खिळे दाखवत होत्या. काही खिळ्यांना अजून टांगायला काही नव्हतं. कौलं मात्र नव्हती. त्या भागात माकडं इतकी माजली आहेत, की कौलांवर नाचून आठवड्यात चुरा करतात; सगळ्या गावाने स्लॅब टाकले, तसा दादांनीही टाकला. संगणक तिथे एका कोपऱ्यात वहिनींनी विणलेल्या रुमालाखाली आहे. वीज असते तेव्हा फोनची लाइन नसते.

मध्यंतरी वहिनींशी फोनवर बोललो. म्हणाल्या, बरे आहेत, बागेत असतात, पण एक खूळ लागलंय. गावावरून दुपारी एक विमान जातं, खूप उंचावरून, पश्चिमेकडे. आवाज आला की हातातलं काम टाकून स्लॅबवर चढतात आणि दिसेनासं होईपर्यंत मान वर करून उभे राहतात.

उद्घाटनाच्या दिवशी दादांनी मला त्या नदीकाठच्या विमानतळाची एक प्रत दिली होती, घर असलेली. ती मी बदलली नाही. एखाद्या शुक्रवारी बायको म्हणते, दादाकडे जाऊन येऊ या. मग मी संगणक लावतो, नदी ओलांडून खाली येतो आणि बहुधा आपटतोच. प्रवासी उतरून जाणार कुठे, हा प्रश्न मला पडत नाही. काजूच्या झाडांत ते घर उभं असतं, आणि कौल अजून एकही फुटलेलं नाही.